दोर टाकण्याची रीत

भगिनींनो, मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असे संपादक-भगिनींनी मला सुचविले. आपल्या नागपूरचा इतिहास म्हटला की रघूजीराजे भोसले यांच्या बंगालवरील स्वाऱ्या किंवा १८१७ सालची सीताबर्डीची लढाई डोळ्यांपुढे येते, आणि त्यांवर माझ्यापेक्षा अधिकाराने लिहू शकणाऱ्या भगिनी आपल्यात आहेत. मी निवडलेला विषय साध्या दोराचा आहे. भर समुद्रात एक होडी अडली असता दुसरीने तिला दोर कसा टाकावा, तिला ओढून बंदरात कसे आणावे, आणि हे करताना दोघींनी एकमेकींशी कसे वागावे, याची एक रीत ठरून गेलेली आहे. त्या रीतीने आजवर पुष्कळ माणसे वाचली आहेत, आणि ती पाळली न गेल्यामुळे पुष्कळ बुडालीही आहेत.

वाडीहून समुद्र रस्त्याने शेकडो किलोमीटर दूर. तेव्हा हा विषय येथे कशाला, असे कोणी विचारील. परंतु अमरावती रस्त्यावर उभे राहिले की बंद पडलेला ट्रक दुसऱ्या ट्रकने ओढून नेला जात असल्याचे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलेले असते. ड्रायव्हर मंडळी त्याला ‘टोचन’ म्हणतात. मागच्या ट्रकमध्येही एक माणूस चक्र धरून बसलेला असतो, पुढचा हळूहळू चालतो, आणि चढावर मधला दोर ताठ झाला की रस्त्यावरची माणसे आपोआप दूर सरकतात. समुद्रावर हेच करावयाचे असते; फरक इतकाच की तेथे रस्ता स्थिर नसतो आणि ब्रेक नावाची वस्तू नसते. दोन्ही होड्या लाटेवर वरखाली होत असतात, वारा एकीला एकीकडे आणि ओढ दुसरीला दुसरीकडे नेत असते. म्हणूनच तेथे रीतीला फार महत्त्व आले.

माझे माहेर अलिबाग तालुक्यातले, खाडीकाठचे. माझे आजोबा मालवाहू मचव्यावर तांडेल होते. शाळा त्यांनी दोन यत्ताच पाहिली होती, पण दोर हातात घेतला की ते पंडित होत. पुढे मी जे सांगणार आहे त्यातला व्यवहाराचा भाग बहुतेक त्यांच्याकडून ऐकलेला आहे. इतिहासाचा भाग मी नंतर वाचून जुळविला.

आधी दोराविषयी थोडे सांगते. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण आपण हट्टी माणसाविषयी वापरतो. पण सुंभ म्हणजे नारळाच्या काथ्याची दोरी, हे विदर्भात वाढलेल्या पुष्कळ मुलींना ठाऊक नसते. नारळाची सोडणे पाण्यात महिनोन् महिने कुजवत ठेवायची, मग बडवून काथ्या मोकळा करायचा आणि तो हाताने वळायचा. कोकणात हे काम पिढ्यान् पिढ्या मुख्यतः बायकांनीच केले आहे. काथ्याचा दोर खाऱ्या पाण्याने लवकर कुजत नाही, तो पाण्यावर तरंगतो आणि ताण पडला की थोडा लांबतो. शेवटचा गुण ओढकामाला फार मोलाचा आहे. कारण लाटेचा हिसका बसला की न लांबणारा दोर तटकन तुटतो, किंवा ज्या खुंट्याला बांधला असेल तो खुंटाच उपटून नेतो. म्हणूनच शिडांच्या काळात युरोपातील नाविकही जहाजे ओढण्यासाठी आपल्याकडचा काथ्याचा रस्सा पसंत करीत. इंग्रजीत त्याला ‘कॉयर’ म्हणतात, तो शब्दही त्यांनी मल्याळममधल्या ‘कयर’वरून घेतला. आपल्या भागात हेच स्थान अंबाडीच्या दोराला होते. भाजी आपण खातो त्याच अंबाडीच्या सालीचा वाख काढून बैलांची दावी आणि चऱ्हाटे वळली जात. मोटेवर पाणी काढलेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना नाडा आणि सोंदूर ही जोडी आठवत असेल. जाड नाडा मोटेचा भार ओढी, आणि बारीक सोंदूर तिची सोंड सांभाळी. एक दोर भाराचा आणि एक दोर हुकमाचा. समुद्रावरही असेच दोन दोर लागतात.

भाराचा जाड रस्सा कितीही बलवान माणूस फेकू शकत नाही. तो ओला असतो, जड असतो, दहा-बारा हातांवरच पाण्यात पडतो. म्हणून आधी बारीक दोरी फेकायची. तिच्या टोकाला मुठीएवढी घट्ट गाठ मारलेली असते, म्हणजे तिला वजन येते आणि ती वाऱ्यावर उडत नाही. दोरीची वेटोळी दोन हातांत वाटून घ्यायची. उजव्या हातातली वेटोळी गाठीसह फेकायची, डाव्या हातातली मोकळी सुटू द्यायची. फेक समोरच्या माणसाच्या अंगावर नव्हे, तर त्याच्या पलीकडे जावी, म्हणजे दोरी आपोआप त्याच्या हाताशी पडते. वारा नेहमी फेकणाऱ्याच्या पाठीशी असावा. ही बारीक दोरी पलीकडच्यांनी धरली की तिच्या मागच्या टोकाला जाड रस्सा बांधायचा आणि तो त्यांनी ओढून घ्यायचा.

हीच युक्ती पुढे इंग्लंडात तोफेला जोडली गेली. फेब्रुवारी १८०७ मध्ये ग्रेट यार्मथच्या किनाऱ्यावर ‘स्नाइप’ नावाचे लष्करी जहाज वादळात फुटले. किनारा अगदी जवळ होता. काठावरची माणसे बुडणाऱ्यांचा आक्रोश ऐकत होती; परंतु मधल्या खवळलेल्या पाण्यावरून त्यांच्यापर्यंत दोर पोहोचविण्याचे काही साधन नव्हते. हे दृश्य पाहणाऱ्यांत जॉर्ज मॅन्बी नावाचा एक अधिकारी होता. त्याने उखळी तोफेच्या गोळ्याला दोरी बांधून ती जहाजापर्यंत उडविण्याची योजना केली, आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८०८ मध्ये, ‘एलिझाबेथ’ नावाच्या जहाजावरचे सात खलाशी त्या दोरीने वाचविले. त्यानंतर अग्निबाणाने दोरी उडविण्याची साधने आली. तत्त्व मात्र तेच राहिले. आधी बारीक दोरी पोहोचवावी, तिच्यामागून जाड रस्सा द्यावा.

आता ओढण्याची रीत. आजोबा सांगत की दोर टाकण्याआधी विचारावे. समोरची होडी डुलत उभी दिसली म्हणजे ती अडलीच आहे असे नव्हे. कदाचित तिने जाळे टाकलेले असेल. तेव्हा जवळ जाऊन हाक द्यायची, “दोर पाहिजे का?” होकार आला तरच दोर टाकायचा. आणि अडलेल्याने होकार देण्यात मान-अपमान पाहायचा नाही. उजेड आहे, वारा बेताचा आहे, तोवर दोर मागितला तर दोन घटकांत काम होते. तेच ‘बघू, होईल काहीतरी’ म्हणत खडकाजवळ जाईपर्यंत वाट पाहिली, तर मदतीला येणाऱ्याचाही जीव धोक्यात जातो. उशिरा मागितलेला दोर दोघांना बुडवतो, हे त्यांचे वाक्य मी कितीदा तरी ऐकले आहे.

दोर पोहोचला की दोन्ही तांडेलांनी आधी बोलून घ्यायचे. कोणत्या बंदराला जायचे, किती वेगाने जायचे, हात कसा केला म्हणजे थांबायचे, हे सारे दोर ताठ होण्यापूर्वी ठरवायचे. कारण नंतर वाऱ्यात कोणाचे बोलणे कोणाला ऐकू येत नाही. वाट पुढच्याने ठरवायची, पण वेग मागच्याच्या सोयीने ठेवायचा. मागच्याने ‘हळू’ची खूण केली की पुढच्याने कारण विचारत बसायचे नाही. मागच्या होडीतल्या माणसांनी मागच्या अंगाला बसायचे, म्हणजे तिची नाळ वर राहते आणि ती पाण्यात नाक खुपसत नाही. सुकाणू धरून पुढच्याच्या मागोमाग चालायचे. ओढून घेणे म्हणजे झोपून जाणे नव्हे.

दोर लांब सोडायचा. किती लांब, तर दोन्ही होड्या एकाच वेळी लाटेच्या माथ्यावर आणि एकाच वेळी खळग्यात येतील इतका. एक चढत असता दुसरी उतरत असेल तर दोराला हिसके बसतात. मध्ये दोराला झोळ असला पाहिजे. ताठ दोर हा तुटायला आलेला दोर समजायचा. खाडीत शिरले, पाणी शांत झाले, की तोच दोर आखडून घ्यायचा, नाहीतर वळणावर मागची होडी खडकावर जाते. जेथे दोर लाकडावर घासतो तेथे चिंधी गुंडाळायची आणि दर थोड्या वेळाने ती पाहायची. ताठ दोराच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही, आणि दोराचे वेटोळे हाताला कधीही गुंडाळायचे नाही. या एका चुकीने बोटे गमावलेली माणसे किनाऱ्यावर आहेत. आजच्या नायलॉनच्या दोराला तर अधिकच जपावे लागते, कारण तो फार ताणतो आणि तुटला की चाबकासारखा परत येतो.

शेवटचा नियम सुरीचा. दोन्ही होड्यांवर दोर बांधलेल्या ठिकाणी एक माणूस आणि एक धारदार सुरी असलीच पाहिजे. ओढणारी होडी आडवी खेचली गेली तर पाहता पाहता उलटते. मागची पाण्याने भरली तर पुढचीला घेऊन खाली जाते. अशा वेळी गाठ सोडण्याइतका अवधी नसतो. म्हणून दोर कापण्याचा अधिकार दोघांनाही असतो, आणि संकटात तो कापला म्हणून कोणी कोणाला दोष देत नाही. हा नियम ऐकायला कठोर वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे. कापणारी होडी तरंगत राहिली तर ती पुन्हा वळून माणसे उचलू शकते. दोघी गेल्या तर उचलणारे कोणीच उरत नाही.

या रीतीचा एक मोठा अध्याय आपल्या मराठी आरमाराने लिहिला आहे. कान्होजी आंगरे यांचे नाव आपण सगळ्यांनी शाळेत वाचले आहे. परंतु त्यांच्या आरमाराचे बळ कशात होते हे फारसे सांगितले जात नाही. त्यांच्याकडे मुख्यतः दोन प्रकारची जहाजे असत. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, दीडशे ते तीनशे टनांपर्यंतचे, नाळेवर मोठ्या तोफा असलेले जहाज. गलबत हे त्याहून पुष्कळ लहान, सत्तर टनांच्या आतले, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत आणि वारा नसतानाही ते ताशी चार मैल चालू शके. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने त्यांच्या लढण्याची पद्धत वर्णिली आहे. वारा पडला की परदेशी व्यापारी जहाज जागच्या जागी खिळून राही. आंगऱ्यांची गलबते मात्र आपल्या गुराबांना दोर बांधून वल्ह्यांच्या जोरावर ओढीत नेत आणि शत्रूच्या पिछाडीला, जेथे त्याच्या तोफा थोड्या असत, नेऊन उभी करीत. ज्या शांत पाण्यात मोठे जहाज पंगू होते त्याच पाण्यात लहान होड्यांनी मोठ्याला चालविले. गुराबावरचा तोफखाना आणि गलबतावरचे वल्हेकरी यांच्यामधला दुवा होता एक दोर. युद्धात हा दोर टाकणारे हात किती सराईत असतील, याची कल्पना आपणच करावी.

दोराचा दुसरा धडाही आंगऱ्यांच्याच इतिहासात आहे, आणि तो दुःखद आहे. कान्होजी १७२९ साली वारले. पुढे त्यांचे पुत्र तुळाजी आणि पेशवे यांचे बिनसले, आणि नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ च्या वसंतात कमोडोर जेम्स सुवर्णदुर्गावर चालून आला, तेव्हा तेथले आंगऱ्यांचे आरमार दक्षिणेकडे निसटले. वारा इतका मंद होता की खलाशांनी जहाजावरचे जड सामान पाण्यात टाकले आणि मिळेल ती झुळूक पकडण्यासाठी अंगावरचे कपडे आणि पागोटीसुद्धा वर टांगली. ते आरमार त्या दिवशी वाचले. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा आंगऱ्यांची जहाजे वाघोटणच्या खाडीत एकमेकांना बांधून उभी केलेली होती. त्यांतल्या एका जहाजावर इंग्रजांचा पेटता गोळा पडला. आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि संध्याकाळपर्यंत ते सारे आरमार जळून गेले. ज्या दोराने गुराबांना शत्रूवर ओढून नेले त्याच दोराने बांधल्या गेलेल्या जहाजांना वेळेवर सुटता आले नाही. आजोबांच्या सुरीचा नियम मला या प्रसंगाच्या वाचनानंतर खरा उमजला.

आता आपल्या हयातीजवळच्या काळाकडे येऊ. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणारी ‘रामदास’ ही आगबोट १७ जुलै १९४७ रोजी सकाळी बुडाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढी अमावास्येच्या निमित्ताने घरी निघालेल्या माणसांनी बोट भरलेली होती. मुंबईपासून काही मैलांवर, काशाच्या खडकाजवळ, वादळी पावसात एका प्रचंड लाटेने ती कलंडली. ६०० हून अधिक माणसे गेली. याच जलमार्गावरच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी नोव्हेंबर १९२७ मध्ये एकाच दिवशी बुडाल्या होत्या. वीस वर्षांनी त्या जखमेवर हा घाव बसला. दुपार उलटेपर्यंत मुंबईत या अपघाताची वार्तासुद्धा नव्हती. परंतु त्याच सकाळी रेवसकडचे काही कोळी बांधव मासळी घेऊन मुंबईकडे निघाले होते. त्यांनी पाण्यातली माणसे पाहिली आणि त्या खवळलेल्या समुद्रात आपल्या होड्या वळविल्या. सुमारे ७५ जणांना त्यांनी बाहेर काढले असे सांगतात. सरकारी मदत पोहोचण्याच्या कितीतरी आधी, कोणाचाही हुकूम नसताना, त्यांनी हे केले.

आमच्या घरी त्या दिवसाचा उल्लेख कोणी मोठ्याने करीत नसे. गावागावांत कोणाचे ना कोणाचे माणूस गेले होते. पण आजी एक गोष्ट सांगे. त्यानंतर कित्येक दिवस बायका मचवा निघण्याआधी त्यात दोर, चिंध्या आणि सुरी ठेवली आहे की नाही हे स्वतः पाहून घेत, आणि मगच भाकरीचे गाठोडे हाती देत. घरातल्या बाईच्या हाती समुद्र नव्हता. होडीत काय चढते ते तिच्या हाती होते.

या कामाचा मोबदला घ्यावा की नाही, हा प्रश्न जगभर विचारला गेला आहे. १९१० साली ब्रुसेल्स येथे निरनिराळ्या राष्ट्रांनी याविषयी करार केला. आपल्या जहाजाला आणि माणसांना गंभीर धोका होणार नसेल तर समुद्रात बुडणाऱ्या कोणालाही, मग तो शत्रू का असेना, मदत करणे हे कप्तानाचे कर्तव्य ठरले. ज्याचा जीव वाचविला त्याच्याकडून मोबदला मागायचा नाही, असेही ठरले. जहाज आणि माल वाचविल्याबद्दल मात्र मोबदला मिळावा, आणि तोही काम यशस्वी झाले तरच. एवढेच नव्हे, तर समोरच्याने योग्य कारणाने स्पष्ट नकार दिला असताना बळेच मदत करणाऱ्याला काही मिळायचे नाही, असे कलम त्यात आहे. ते वाचताना मला हसू आले. कारण ‘दोर पाहिजे का?’ असे आधी विचारावे, ही आमच्या मचव्यावरची रीत त्या विद्वानांच्या कागदावर अवतरली होती. मोबदल्याची आजोबांची रीत याहून सोपी होती. ओढून आणलेल्याने दुसऱ्याचा दोर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, नीट वेटोळे करून स्वतः नेऊन द्यायचा. पुढे इंजिनांच्या होड्या आल्यावर जळलेल्या डिझेलचा खर्च त्यात मिळाला. दोर परत न करणाऱ्याला पुन्हा कोणी दोर नाकारीत नसे, पण त्याची गोष्ट मात्र बंदरभर होई.

आजही ही रीत चालू आहे. पंख्यात जाळे अडकणे, इंजिन बंद पडणे हे मासेमारीत नित्याचेच. भारतीय तटरक्षक दल १९७७ पासून किनाऱ्यावर आहे, आणि संकटात १५५४ या क्रमांकावर त्याला हाक देता येते. तरीही पहिला दोर बहुधा शेजारच्या होडीतूनच येतो. १४ मार्च २०२० रोजी गेटवेहून मांडव्याला निघालेली ‘अजंठा’ ही प्रवासी बोट मांडव्याजवळ बुडू लागली, तेव्हा जवळच गस्त घालणारी पोलिसांची बोट तत्काळ पोहोचली आणि सर्व ८८ प्रवासी वाचले. ‘रामदास’ गेली तेथून ही जागा काही दूर नाही. मदत किती मोठी होती यापेक्षा ती किती जवळ होती, यावर सारे अवलंबून राहिले.

दोर टाकणारे हात केवळ पुरुषांचेच असतात असे मात्र कोणी समजू नये. इंग्लंडच्या फार्न बेटांवरील दीपगृहरक्षकाची कन्या ग्रेस डार्लिंग हिने ७ सप्टेंबर १८३८ रोजी वडिलांबरोबर वल्ह्याची होडी वादळात घातली. वडील खडकावर उतरले असताना तिने एकटीने ती होडी लाटांत स्थिर धरली, आणि खडकावर अडकलेले नऊ जण वाचले. अमेरिकेत न्यूपोर्ट येथील दीपगृहाची रक्षक आयडा लुईस हिने फेब्रुवारी १८८१ मध्ये बर्फ फुटून पाण्यात पडलेल्या दोन सैनिकांना दोर टाकून वर ओढले. आणि इतके दूर तरी कशाला जावे? ऑगस्ट २०२० मध्ये तामिळनाडूतील पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टरै येथील धरणात चार तरुण बुडू लागले, तेव्हा काठावरच्या तीन स्त्रियांनी अंगावरच्या साड्या सोडून त्यांचा दोर केला आणि तो पाण्यात टाकला. दोघे वाचले, दोघांना त्या वाचवू शकल्या नाहीत. राज्य सरकारने त्यांना कल्पना चावला यांच्या नावाचा शौर्य पुरस्कार दिला. त्या तिघींनी मॅन्बीचे नावही ऐकले नसेल, परंतु पाण्यात उडी न घेता आधी काहीतरी लांब वस्तू पोहोचवावी, हे त्यांना बरोबर सुचले.

भगिनींनो, येथे मला आपल्याच रस्त्यावरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. याच अमरावती रस्त्याने पुढे गेले की वेणा जलाशय लागतो. ९ जुलै २०१७ रोजी, रविवारी, तेथे सहलीला गेलेल्या तरुणांची नाव उलटली आणि आठ जण बुडाले. आपल्यापैकी कित्येकींची मुले त्याच वयाची आहेत, त्याच तलावांवर पावसाळ्यात जातात. तेव्हा समुद्र दूर असला तरी पाणी दूर नाही. वैनगंगेवरचा डोंगा असो की गावच्या तलावातली होडी, तिच्यात दोर आहे का, हा प्रश्न चढण्याआधी विचारण्यास काही खर्च पडत नाही. आणि किती माणसे चढली आहेत हे मोजण्यासही पडत नाही.

काठावर असताना कोणी बुडताना दिसले, तर पोहता येत असले तरी एकदम उडी घेऊ नये. घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. आधी मोठ्याने हाका मारून माणसे जमवावीत, एकीने ११२ ला फोन करावा. काठी, फांदी, ओढणी, साडी, जे हाताशी असेल ते पोहोचवावे, आणि ते ओढताना आपण स्वतः पालथे पडून किंवा मागून कोणालातरी धरायला लावून ओढावे, म्हणजे आपण आत खेचले जात नाही. दोर असेल तर तो त्या माणसाच्या पलीकडे फेकावा. टोकाला प्लॅस्टिकचा झाकणबंद डबा बांधून त्यात थोडे पाणी ठेवले तर फेकायला वजन येते, आणि डबा तरंगत राहिल्याने धरणाऱ्यालाही आधार होतो. पोहोचला नाही तर दोर ओढून घ्यावा आणि पुन्हा फेकावा. पहिली फेक चुकते. दुसरीची तयारी ठेवावी.

मंडळाच्या श्रावणातल्या सहलीचे सामान दरवर्षी याद करून बांधले जाते. सतरंज्या, पातेली, औषधाची पेटी असे सारे त्या यादीत असते. त्यात आता वीस मीटर चांगला दोर आणि एक झाकणबंद डबा यांची भर घालावी, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. आणि मंडळाच्या पटांगणात एखाद्या दुपारी आपण सगळ्यांनी तो दहा-दहा वेळा फेकून पाहावा. दोराचा खर्च मी देते. फेकायला शिकवायलाही येईन.